दाबाचा संच: प्रत्येक प्रयोगाखाली वजनकाटा

आठवीच्या 'बल व दाब' धड्यातल्या स्थायूंच्या दाबासाठी वर्गात हाताळता येईल असा संच करतेय. पाण्याचा आणि हवेचा दाब यात घेतलेला नाही, त्याचे प्रयोग चिक्कार मिळतात. स्थायूंच्या वाट्याला मात्र फळ्यावर खिळ्याचं चित्र, एक सूत्र (दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ) आणि 'दप्तराचे पट्टे रुंद का असतात' हा प्रश्न एवढंच येतं. पोरं उत्तर पाठ करतात, आणि वीट उभी केली की जड होते हा समज तसाच घेऊन नववीत जातात. कुणाला असाच संच करायचा असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. खर्च आणि फुकट गेलेला वेळ, दोन्ही लिहिलेत.

२० जून

नेहमीच्या प्रयोगानं सुरुवात. खाली फोम, वर वीट: आधी आडवी, मग कडेवर, मग उभी. गादीवाल्याकडून दोन इंच जाडीचा फोमचा तुकडा आणला, ९० रुपये. वीट आवारातलीच, कंपाउंडच्या कामातून उरलेली. मापं २२ × १० × ७ सेंमी, वजन २.८ किलो, म्हणजे सुमारे २७.४ न्यूटन. तिन्ही बाजूंचं गणित असं येतं: आडवी ठेवली तर २२० चौरस सेंमीवर सुमारे १,२५० पास्कल (एक पास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर एक न्यूटन), कडेवर १५४ चौरस सेंमीवर १,७८० आणि उभी केली तर ७० चौरस सेंमीवर ३,९२०. उभ्या विटेचा दाब आडव्या विटेच्या तिपटीहून थोडा जास्त.

फोमवर मात्र तिप्पट दिसत नाही. आडवी वीट जेमतेम ३ मिमी दबली, कडेवरची ७ आणि उभी चांगली २५ मिमी. पट्टी लावून मोजणाऱ्या पोराचं उत्तर 'दाब आठपट' असं येणार. फोमच्या पोकळ्यांच्या भिंती काही दाबापर्यंत तग धरतात आणि त्यापुढे एकदम मुडपतात, म्हणून असं होतं. फोमवर कुठला दाब जास्त आणि कुठला कमी एवढं कळतं. किती पट जास्त, हे त्याच्याकडून कळत नाही. मोजमापासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागणार.

विटेबद्दल एक सूचना. एका अंगाला भट्टीवाल्याच्या छापाचा खड्डा असतो. ते अंग खाली गेलं तर २२० चौरस सेंमी टेकतच नाहीत, फक्त भोवतीची कड टेकते. छाप नेहमी वर. शक्य असेल तर कडा फरशीवर घासून सरळ करून घ्या, नाहीतर उभी वीट फोमवर कलते आणि पहिल्या बाकावर येते.

२४ जून

वर्गात नेलं. फोम काढायच्या आधी विचारलं, वीट कधी जास्त जड? बहुतेक हात 'उभी' या उत्तराला वर. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवला (१० किलोचा, ४८० रुपये). आडवी २.८०. कडेवर २.८०. उभी २.८०.

मागून आवाज आला, "मॅडम, काटा अडकलाय. माझा डबा ठिवून बघा." डबा ठेवला, ६४० ग्रॅम. पुन्हा वीट उभी केली, २.८०. मग वर्ग गप्प झाला आणि फोमचा प्रयोग आत्ता कुठे सुरू झाला. काटा तोच आकडा दाखवतोय तर खड्डा खोल का, हा प्रश्न मी विचारायच्या आत त्यांनीच विचारला.

फोम आधी आणि काटा नंतर, असा क्रम ठेवला असता तर हे झालं नसतं. खोल खड्डा डोळ्यांनी बघितला की 'जास्त जड' हे मनात पक्कं होतं आणि मग काट्यावरही विश्वास बसत नाही. म्हणून यापुढे संचातल्या प्रत्येक प्रयोगाखाली काटा असणार. बल तेवढंच आहे हे आधी दिसलं पाहिजे, बदललंय ते क्षेत्रफळ हे मग आपोआप येतं.

२ जुलै

आज प्रयोग नाही, नुसती एककं. दरवर्षी इथंच गाडी अडते. १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंमी असं निम्मा वर्ग लिहितो आणि उत्तर शंभरपट चुकतं. व्हरांड्यात खडूनं एक मीटरचा चौकोन काढला आणि १० सेंमीची पुठ्ठ्याची कार्डं मांडायला लावली. शंभर कार्डं बसली, प्रत्येक कार्ड १०० चौरस सेंमीचं. १०,००० हा आकडा त्यांच्या हातातून आला. पावसाच्या झडीनं अर्धा खडू पुसला, तरी काम झालं.

दुसरी अडचण पास्कलची. वीट हजारात बोलायला लागली की एक पास्कल म्हणजे नक्की केवढा, हे कुणालाच कळत नाही. यावर एक फार सोपी गोष्ट सापडली. चित्रकलेचा १०० जीएसएमचा कागद घ्या. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला १०० ग्रॅम. ०.१ किलोला ९.८ नं गुणा, ०.९८ न्यूटन. तो कागद बाकावर पसरला की बाकावर पडणारा दाब जवळजवळ बरोबर एक पास्कल. एका मुलीनं लगेच कागद अर्धा फाडला आणि विचारलं, आता अर्धा पास्कल का? नाही, कारण वजन अर्धं झालं तसं क्षेत्रफळही अर्धं झालं. हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. आता आहे, आणि धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. कागदांना २० रुपये.

९ जुलै

शिवाजी उद्यमनगरात गेले. कोल्हापुरात असण्याचा हा एक फायदा, लोखंडाचा कसलाही तुकडा कापून, घासून, वेल्ड मारून मिळतो आणि शाळेचं काम म्हटलं की मिस्त्री चहाही पाजतात. कल्पना अशी: चौकोनी सळीचे तीन ठोकळे, १०, २० आणि ४० मिमीचे. तळाची क्षेत्रफळं १, ४ आणि १६ चौरस सेंमी. बाजू दुप्पट केली की दाब चौथाई होतो, हे पोरांना सगळ्यात अवघड जातं, ते इथं थेट दिसेल. प्रत्येकाची लांबी १० सेंमी, वाळूवर उभा करून वर किराणा दुकानातलं एक किलोचं वजन ठेवायचं. कटिंग आणि तळ घासून सपाट करण्यासकट ४२० रुपये.

१२ जुलै

काट्यावर ठेवले आणि पितळ उघडं पडलं. ४० मिमीचा ठोकळा एकटाच सव्वा किलो भरतो, २० मिमीचा ३१४ ग्रॅम, १० मिमीचा ७९ ग्रॅमच्या आसपास. वर एकच किलो ठेवला तरी एकूण बल २.२६, १.३१ आणि १.०८ किलोवजन असं वेगवेगळं पडतं. खाली काटा नसता तर वाळूत तिन्ही ठोकळे वेगवेगळे रुतले असते, वर्गानं टाळ्या वाजवल्या असत्या आणि प्रयोग खोटा असता. बाजारात मिळणाऱ्या तयार संचातही असे भरीव ठोकळे पाहिलेत. आणायच्या आधी वजन करून बघा.

४२० रुपये पाण्यात. ठोकळे खिडकी उघडी ठेवायला वापरतोय.

१९ जुलै

नवा आराखडा घेऊन पुन्हा त्याच मिस्त्रींकडे. १२ मिमीची गोल सळी, वर वजन ठेवायला थाळी, खाली चौकोनी पाय, तो काट्यावरच्या परातीतल्या वाळूत रुतणार. सळी सरळ राहावी म्हणून लाकडी स्टुलाच्या भोकातून जाईल. तीन मापांच्या पायांसाठी तीन सळ्या, दोन्ही टोकांना वेल्ड. मिस्त्रींनी कागद उलटासुलटा करून बघितला.

"मॅडम, दोन्ही बाजू वेल्ड मारल्यावर ह्ये स्टुलात घालणार कुठनं?"

खरंच की. थाळीही भोकापेक्षा मोठी आणि पायही. त्यांनीच तोड काढली: "सळी एकच ठिवा. दोन्ही टोकांना आटे पाडतो, खालचा पाय बदलता करूया." म्हणजे वर नटानं थाळी, खाली नट वेल्ड केलेले तीन पाय आलटून पालटून लावायचे. ४० मिमीला ५ मिमी जाड पत्रा. १० आणि २० मिमीला मात्र चौकोनी सळीचे ३ सेंमी उंच तुकडे, कारण १२ मिमीचा नट १० मिमीच्या पायाहून रुंद असतो. पाय बुटका ठेवला तर रुतताना नटच वाळूला टेकेल आणि क्षेत्रफळाचं गणित कोलमडेल. हेही त्यांनीच सांगितलं. सगळं मिळून २६० रुपये.

घरी आल्यावर प्रत्येक पायासोबत लागणारे वायसर काट्यावर मोजून वेगळे बांधले, म्हणजे सळी, थाळी, पाय, वायसर आणि वरचं दीड किलो मिळून प्रत्येक वेळी बरोबर २.०० किलो. वायसरच्या जुड्यांना तीन रंगांचे दोरे आणि त्याच रंगाचा ठिपका पायावर. हे केलं नाही तर तिसऱ्या गटापर्यंत सगळे वायसर एका डब्यात जमा होतात.

गणित आता सोपं. १९.६ न्यूटन भागिले ०.००१६ म्हणजे १२,२५० पास्कल. ०.०००४ नं भागलं तर ४९,०००. ०.०००१ नं भागलं तर १,९६,०००. दर टप्प्याला चौपट.

२६ जुलै

मध्ये पुरामुळे शाळेला सुट्टी होती, परत येऊन बघते तर स्टुलाचं भोक आवळलेलं. दमट हवेनं लाकूड फुगलं. सळी अडकत अडकत खाली येत होती. दिसायला काही वाईट नव्हतं, पण परातीखालचा काटा १.७४ दाखवत होता. उरलेले २६० ग्रॅम घर्षणामुळे स्टुलाच्या पायांतून टेबलावर जात होते. (स्टूल टेबलावर उभं आहे, परात काट्यावर. स्टूल परातीतच ठेवलं तर त्याचंही वजन काट्यावर येतं आणि ही गळती कळतच नाही. म्हणून स्टूल बाहेरच हवं.)

भोक मोठं करून त्यात वीजफिटिंगच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडा बसवला. एकच भोक असलं की सळी कलते, म्हणून स्टुलाच्या खालच्या फळीलाही तसाच तुकडा. आता काटा १.९७ ते १.९८ दाखवतो, आणि थाळीला बोटानं हलकी टिचकी मारली की २.०० वर येऊन बसतो. टिचकी मारायचं काम एका पोराला वाटून दिलंय, ते फार इमानदारीनं करतं.

काट्याच्या दोन कटकटी. परात ठेवली की तिच्याखाली आकडे झाकले जातात. मध्ये एक लाकडी ठोकळा ठेवला की परात उचलली जाते आणि आकडे दिसतात. दुसरी जास्त वैतागाची: हे घरगुती काटे थोडा वेळ आकडा बदलला नाही की आपोआप बंद पडतात आणि परातीचं वजन शून्य केलेलं विसरतात. पुढच्या वेळी चालू केला की परात, वाळू आणि सळी असं सगळं धरून शून्य. किराणा दुकानातला अडॅप्टरचा काटा एका पालकांनी तासापुरता दिला तर उत्तम. नाहीतर वाळू घातलेल्या परातीचं वजन फळ्यावर लिहून ठेवा आणि वजाबाकी करा.

५ ऑगस्ट

वाळूवर फार वेळ गेला. नदीची कोरडी वाळू चालत नाही, पाय उचलला की खड्डा बुजतो आणि मोजायला काही उरत नाही. पाणी शिंपडून बघितलं. वर कडक पापडी, आत भुसभुशीत, एकाच परातीत दोन ठिकाणी दोन उत्तरं.

वर्गातल्या एकाचे वडील फौंड्रीत साच्यावर काम करतात. त्यांनी डबाभर साच्याची ओली वाळू पाठवली. बारीक वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि बेतशीर पाणी. मुठीत दाबली की बोटांच्या रेषाही उमटतात आणि मूठ उघडली तरी गोळा फुटत नाही. ओतकामाच्या साच्याला जे लागतं तेच आपल्यालाही लागतं: दाबलं तिथं दबावं आणि तसंच राहावं. पाय काढल्यावर चौकोनी खड्ड्याचे कोपरे काटकोनात उभे राहतात, पट्टीचं टोक आत घालून खोली मोजता येते.

वाळू किती ठोकली यावर मात्र सगळं अवलंबून. फौंड्रीसारखी घट्ट ठोकली तर १० मिमीचा पायही नीट रुतत नाही. आता चाळणीनं परातीत सैल भरतो, पट्टीनं वरून समतल करतो, प्लायचा तुकडा ठेवून त्यावर वीट वीतभर उंचीवरून एकदाच सोडतो. प्रत्येक गटासाठी वाळू पुन्हा चाळायची. आधीच्या खड्ड्याजवळची वाळू दाबली गेलेली असते, तिथं पाय ठेवला तर खोली कमी येते.

काळी भुकटी गणवेशाला लागते आणि सहज निघत नाही. बाह्या वर, खाली वर्तमानपत्र. पंखा बंद ठेवा, वरचा थर वाळला की चुरा होतो. रात्री ओलं फडकं आणि झाकण.

१३ ऑगस्ट

वर्गात पहिल्यांदा पूर्ण प्रयोग. काटा प्रत्येक वेळी २.००, टिचकीसकट. ४० मिमीचा पाय: चौकोनाची नुसती रेघ उमटली. २० मिमीचा: ३ मिमी. १० मिमीचा: १८ मिमी, आणि तो रुतताना सगळ्यांनी बघितला, कारण तो एकदम नाही तर दोन-तीन सेकंदांत सावकाश आत गेला.

दाब चौपट होत गेला, खोली तशी गेली नाही. ते मुद्दाम वर्गासमोर मांडलं. वाळू काही दाबापर्यंत टिकते आणि त्यापुढे हार मानते. खड्डा हा वाळूचा जबाब आहे, दाबाचं माप नाही. दाब काढायचा तो काट्यावरच्या आकड्यावरून आणि पायाच्या क्षेत्रफळावरून. फोमच्या वेळी जे मला खटकलं होतं ते आता त्यांना खटकलं, एवढी प्रगती आहे.

एका गटानं विचारलं, काटा किलो दाखवतो, न्यूटन कुठाय? बरोबर आहे. काट्यावर चिकटपट्टी लावली: '१ किलो दिसलं = ९.८ न्यूटन'. परीक्षेत १० घेतलं तरी चालेल असं दिलेलं असतं तेव्हा १० घ्यावं, त्यावरून वाद घालू नये.

२२ ऑगस्ट

खिळ्यांची पाटी: उभ्या खिळ्यांच्या टोकांवर फुगा, फुग्यावर वजन. वर्गात सगळ्यात जास्त मागणी हिला, आणि खरं सांगायचं तर शिकवण्याच्या दृष्टीनं संचातला सगळ्यात कच्चा प्रयोग हाच. खिळ्याच्या टोकाचं क्षेत्रफळ पोरांना मोजता येत नाही, त्यामुळे पास्कलपर्यंत जाता येत नाही. तरी ठेवला, कारण फुगा फुटला नाही की पोरं जागी होतात.

प्लाय आणि दोन इंची खिळे, १४० रुपये. फुगे ३० रुपये. वरून हातोडीनं खिळे ठोकले तर काही एक-दोन मिलिमीटर वर राहतात आणि फुगा त्यांच्यावरच फुटतो, कारण सगळा भार त्या दोघा-तिघांवर. त्याऐवजी १० × १० सेंमीच्या प्लायला सेंटिमीटरभर अंतरावर भोकं पाडून खिळे मागच्या बाजूनं आत घातले आणि मागून दुसरा प्लाय स्क्रूनं आवळला. सगळी डोकी एकाच सपाटीवर टेकतात, टोकं एका पातळीत येतात. खिळ्यांच्या लांबीतही थोडा फरक असतो, तेव्हा घालायच्या आधी पट्टीला लावून लांबडे बाजूला काढा.

काटा इथंही आहे. वर दोन किलो, खिळे शंभर. भार सगळ्यांवर सारखा पडला तर एका खिळ्याच्या वाट्याला २० ग्रॅम. दुसऱ्या पाटीवर एकच खिळा, त्याच्या वाट्याला दोनच्या दोन किलो. दोन्ही पाट्यांखाली काटा २.०० जादा दाखवतो (फुगा फुटायच्या आत बघायचं). संचात ठेवताना खिळ्यांवर थर्माकोल दाबून बसवा, पिशवीत हात घालणारे फार.

३० ऑगस्ट

पायांचे ठसे. चार्ट पेपरवर सेंटिमीटरचे चौकोन, ओल्या पायानं उभं राहायचं, पेन्सिलीनं कड काढायची, चौकोन मोजायचे. अर्ध्याहून जास्त भिजलेला चौकोन पूर्ण धरायचा, कमी भिजलेला सोडायचा. तळव्याची कमान टेकत नाही हे ठशात लगेच दिसतं, त्यामुळे चपलेभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं क्षेत्रफळ नेहमी फसवं. कोल्हापुरी चपलेचा तळ सपाट, ती घातली की मातीवर टेकणारा भाग पायापेक्षा बराच वाढतो. तोही ठसा घेतला.

मुलांची वजनं वर्गात घेऊ नका. आठवीतल्या मुली वजन सांगायला तयार नसतात आणि त्यांचं बरोबर आहे. मी माझंच वापरलं. ६० किलो, ५८८ न्यूटन. दोन्ही ठसे मिळून २८० चौरस सेंमी. दाब २१,००० पास्कल. एका पायावर उभी राहिले तर ४२,०००.

मग फळ्यावर १३ तारखेचा आकडा लिहिला: दोन किलोची सळी, १ चौरस सेंमीचा पाय, १,९६,००० पास्कल. एका पायावर उभ्या असलेल्या मॅडमचा दाब सळीच्या चौथाईलाही पोचत नाही. "म्हंजे सळी पायावर पडली तर मॅडमनी पाय दिल्यापेक्षा जास्त दुखंल." पडली तर हिशेब वेगळा, पण टेकवून ठेवली तर हो. तालमीत जाणाऱ्या एकानं भर घातली, वस्ताद तळव्यानं रगडतात तेव्हा बरं वाटतं, कोपर लावलं की जीव जातो. जोर तेवढाच, टेकणारी जागा कमी. हे उदाहरण फळ्यावर लिहून ठेवलं.

६ सप्टेंबर

उदाहरणांच्या तासाला ऊसपट्ट्यातल्या पोरांनी ट्रॉली काढली. शेतात चाक रुतलं की खाली पाचट टाकतात, तो दाबच ना? अर्धा. पाचटानं भार पसरतो हे खरं, पण चाकाला पकडही मिळते, म्हणून चाक बाहेर का आलं ते एकट्या दाबानं सांगता येत नाही. स्वच्छ उदाहरण जॅकचं. काळ्या रानात पंक्चर काढायला जॅक लावला की ट्रॉली उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. त्याखाली जाड फळी ठेवली की राहतो. भार तोच, पकडीचा संबंध नाही, बदललं ते फक्त क्षेत्रफळ. सळीच्या १० मिमीच्या पायाखाली प्लायचा ४ सेंमीचा चौकोनी तुकडा ठेवून हेच परातीत करून दाखवलं. नुसती रेघ उमटली.

त्याच तासाला एक प्रश्न आला, वीट बाजूलाही ढकलते का? फोमचा तुकडा विटेच्या अंगाला टेकवून उभा केला, तसूभरही दबला नाही. वीट आपला भार फक्त खाली टाकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून ठेवलं तर फोम लगेच बाजूनं दबला. इथं थांबायचं असं ठरवलं होतं, तेवढ्यात एकानं पिशवीत कोरडी वाळू भरली. तीही बाजूला ढकलते. "वाळू पण स्थायूच की, मॅडम."

स्थायूच. प्रत्येक कण एकेक वीट आहे, पण कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून ढीग बाजूला रेटतो. कणांमधल्या घर्षणामुळे तो रेटा खालच्या दाबापेक्षा कमी असतो. पाण्यात मात्र एका खोलीवर दाब सगळ्या दिशांना सारखाच. पिशवी मोजायला काटा आडवा लावता येत नाही, त्यामुळे हे दाखवता आलं नाही, सांगितलं. द्रवांच्या धड्याच्या आधी यावर काहीतरी जुळवायचं आहे.

१४ सप्टेंबर

आज नव्यानं करायला घेतलं तर लागणारा खर्च: काटा ४८०, फोम ९०, सळी-थाळी-पाय २६०, प्लाय आणि खिळे १४०, फुगे ३०, कागद २०. एकूण १,०२०. भरीव ठोकळ्यांचे ४२० धरले तर माझे १,४४०. वाळू, वीट, पाइपचे तुकडे आणि जुनं स्टूल फुकट. पैसे कमीच असतील तर फोम आणि खिळ्यांची पाटी सोडा, सळी आणि काटा सोडू नका.

एका तासात सगळं बसत नाही. वीट आणि काटा पहिल्या तासाला, कागद आणि चौरस मीटर दुसऱ्या, सळी तिसऱ्या, ठसे चौथ्या. खिळे जमले तर. सळीच्या तासाला वाळू चाळायला मधली सुट्टी लागते, चार पोरं आधी बोलवा.

संच पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत जातोय. सळीच्या आट्यांना आणि पायांना मशीन ऑइल लावून कागदात गुंडाळलंय, नाहीतर ओल्या वाळूमुळे गंज चढतो आणि पाय निघत नाही. वायसरच्या जुड्या डब्याच्या झाकणाला आतून बांधल्यात. नेणाऱ्यांनी परत देताना काट्याचे सेल काढून द्यावेत.